जिवांचा ठावठिकाणा शोधणारे वॉलेस

६ ऑगस्ट १८५२. ब्राझीलहून इंग्लंडकडे निघालेल्या ‘हेलन’ या शिडाच्या जहाजाच्या मालखान्यातून सकाळीच धूर येऊ लागला. रबर आणि ज्वलनशील राळ यांनी भरलेले ते जहाज भर अटलांटिक महासागरात पेटले. खलाशांनी होड्या पाण्यात सोडल्या. जहाजावर २९ वर्षांचा, तापाने खंगलेला एक इंग्रज प्रवासीही होता. आपल्या खोलीत धाव घेऊन त्याने हाताला लागलेली एक पत्र्याची पेटी उचलली. तीत ताडवृक्षांची आणि माशांची काही रेखाटने आणि थोडी टिपणे होती. बाकी सारे, म्हणजे अॅमेझॉनच्या अरण्यात वेचलेले हजारो कीटक व पक्षी आणि बहुतेक रोजनिशा, त्याच्या डोळ्यांदेखत जळून गेले. सोबत आणलेल्या जिवंत पोपटांपैकी आणि माकडांपैकी एक पोपट तेवढा वाचला. उघड्या होडीत दहा दिवस काढल्यावर वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या जहाजाने त्या सर्वांना उचलून घेतले.

त्या तरुणाचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. सर्वसामान्य वाचकाला हे नाव चार्ल्स डार्विनच्या चरित्रातील एक उपकथानक म्हणून माहीत असते. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनच्या जोडीने ज्याला सुचला तो दुसरा माणूस, एवढीच त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांत उरली आहे. परंतु एका प्रजातीतून दुसरी प्रजाती कशी निघते आणि तिच्या घडणीत त्या त्या स्थळाचा वाटा किती, हा प्रश्न वॉलेस यांनी आयुष्यभर ज्या चिकाटीने धरून ठेवला, त्याला जोड नाही. जळालेल्या जहाजातून ते परतले तेव्हा त्यांच्या हाती संग्रह नव्हता. तो प्रश्न मात्र शाबूत होता.

वॉलेस यांचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. नऊ भावंडांतील ते आठवे. वडील कायद्याचे शिक्षण घेतलेले, पण व्यवहारात सतत फसलेले. घरची स्थिती खालावत गेली आणि चौदावे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास मुलाची शाळा सुटली. पुढे कोणत्याही विद्यापीठाची पायरी त्यांनी विद्यार्थी म्हणून चढली नाही. थोरले बंधू विल्यम जमीनमोजणीचे काम करीत. त्यांच्या हाताखाली आल्फ्रेड रुजू झाले. साखळी आणि दुर्बीण घेऊन वेल्सच्या डोंगरांतून हिंडताना नकाशा काढण्याची शिस्त त्यांच्या अंगी बाणली. कोणत्या उतारावर कोणती वनस्पती वाढते आणि ती कोठे संपते, हे पाहण्याची सवयही याच काळात लागली.

१८४४ मध्ये लेस्टर येथील एका शाळेत त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. तेथे त्यांची गाठ हेन्री वॉल्टर बेट्स या तरुणाशी पडली. बेट्सला भुंगेरे जमविण्याचा नाद होता. एका लहानशा शहराच्या आसपास दहा मैलांच्या टापूत भुंगेऱ्यांचे सुमारे हजार प्रकार सापडू शकतात, हे ऐकून वॉलेस चकित झाले. निसर्गाला इतकी विविधता कशासाठी लागावी आणि ती आली कोठून, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून घोळू लागला. लेस्टरच्याच वाचनालयात त्यांनी लोकसंख्येवरील माल्थसचा ग्रंथ वाचला. त्या वाचनाचे फळ मिळायला चौदा वर्षे जावी लागली.

त्या काळी प्रत्येक प्रजाती स्वतंत्रपणे निर्माण झाली आहे, असे बहुतेक विद्वान मानीत. प्रजाती बदलतात असे म्हणणारे होते. पण कशा बदलतात, याचे समाधानकारक उत्तर कोणी छापले नव्हते. हे उत्तर शोधायचे तर एखादे कुळ निवडून ते जगभर कोठे कोठे आणि कोणत्या रूपात पसरले आहे हे पाहिले पाहिजे, असे वॉलेस यांना वाटू लागले. गाठीशी पैसा नव्हता. तेव्हा दोघा मित्रांनी असे ठरविले की दक्षिण अमेरिकेत जायचे, नमुने गोळा करायचे, लंडनमधील दलाल सॅम्युएल स्टीव्हन्स यांच्यामार्फत ते संग्राहकांना विकायचे आणि त्यावर गुजराण करीत अभ्यास करायचा. एप्रिल १८४८ मध्ये ते लिव्हरपूलहून निघाले.

अॅमेझॉनच्या खोऱ्यातील चार वर्षांत वॉलेस यांनी खूप सोसले. मदतीला आलेले धाकटे बंधू हर्बर्ट १८५१ मध्ये पीतज्वराने दगावले. परंतु याच काळात एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. माकडांच्या काही प्रजाती नदीच्या एका तीरावर विपुल आढळत, तर समोरच्या तीरावर त्यांचा मागमूस नसे. तेथे त्यांचीच जवळची भावंडे नांदत. अॅमेझॉन, निग्रो आणि माडेरा यांसारख्या प्रचंड नद्या जणू कुंपणांसारख्या उभ्या होत्या. इंग्लंडला परतल्यावर दोन-अडीच महिन्यांतच लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे सादर केलेल्या निबंधात त्यांनी हे निरीक्षण मांडले आणि एक तक्रारही नोंदविली. संग्राहक एखाद्या प्राण्याचा ठावठिकाणा केवळ ब्राझील किंवा पेरू एवढाच लिहितात. तो नदीच्या कोणत्या तीरावर मिळाला हे लिहीत नाहीत आणि त्यामुळे सारा अर्थच हरवतो, असे त्यांचे म्हणणे होते. मोजणी खात्यातल्या माणसाला शोभणारी ही तक्रार पुढे जीवशास्त्राला फार उपयोगी पडली.

सुदैवाने स्टीव्हन्स यांनी संग्रहाचा २०० पौंडांचा विमा उतरविला होता. पुन्हा समुद्राच्या वाटेला जाणार नाही, असा होडीत केलेला निश्चय फार काळ टिकला नाही. एप्रिल १८५४ मध्ये वॉलेस सिंगापूरला उतरले. त्यानंतरची आठ वर्षे त्यांनी आज मलेशिया आणि इंडोनेशिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या द्वीपसमूहात काढली. सुमारे १४ हजार मैलांचा प्रवास आणि १ लाख २५ हजार ६६० नमुने, असा या भ्रमंतीचा हिशेब त्यांनी स्वतःच दिला आहे. त्यांत ८३ हजारांहून अधिक भुंगेरे आणि आठ हजारांवर पक्षी होते. या संग्रहामागे सारावाकमधून बरोबर घेतलेल्या अली या मलायी तरुणाचे कष्टही होते. नेमबाजी आणि पक्ष्यांची कातडी सोलून टिकविणे यांत तो तरबेज झाला होता. बाचान बेटावर पांढऱ्या लांब पिसांचा एक अद्भुत स्वर्गीय पक्षी प्रथम अलीनेच आणून दाखविला. शास्त्रात मात्र त्या पक्ष्याला वॉलेस यांचे नाव मिळाले.

बेटे म्हणजे निसर्गाने मांडून ठेवलेले प्रयोगच. एकाच पूर्वजाची संतती वेगवेगळ्या बेटांवर जाऊन पोहोचली की मधला समुद्र त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. प्रत्येक बेटाचे हवापाणी, अन्न आणि शत्रू निराळे. १८५५ च्या पावसाळ्यात सारावाकमध्ये एकट्याने दिवस काढीत असताना वॉलेस यांनी या विषयावर पहिला महत्त्वाचा निबंध लिहिला. कोणतीही नवी प्रजाती तिच्या जवळच्या नात्यातील जुन्या प्रजातीच्या सान्निध्यात आणि तिच्या पाठोपाठच अवतरते, असा नियम त्यांनी मांडला. स्थळ आणि काळ या दोहोंची जोड घालणारा हा नियम म्हणजे वंशवृक्षाची अप्रत्यक्ष कबुलीच होती. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल हा निबंध वाचून अस्वस्थ झाले आणि त्यांनी डार्विनला आपले विचार लवकर प्रसिद्ध करण्याचा सल्ला दिला.

पुढच्या वर्षी वॉलेस बालीहून लोंबोकला गेले. दोन बेटांमधील सामुद्रधुनी अरुंद, दोन्हींचे हवामान जवळपास सारखे. तरीही बालीत आशियातील पक्षी दिसत होते, तर लोंबोकवर ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे होते. येथे दोन निराळ्या जगांची हद्द आहे, हे त्यांनी ओळखले. हद्दीची ही रेषा आज वॉलेस रेषा या नावाने प्रत्येक नकाशासंग्रहात असते. ही सामुद्रधुनी खोल आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली तेव्हाही ती कोरडी पडली नाही, हे नंतर स्पष्ट झाले. या दर्शनातून एक मोठा धडा मिळाला. सारखे हवामान सारखे प्राणी निर्माण करीत नाही. आधी कोणते पूर्वज तेथे पोहोचले, यावर पुढची घडण अवलंबून असते. परिस्थिती कापते-शिवते हे खरे, पण कापड वारशाने आलेले असते.

पूर्वज बदलतो हे कळले होते. कशाने बदलतो हे कळायचे होते. फेब्रुवारी १८५८ मध्ये मोलुक्का बेटांत थंडीतापाने अंथरुणावर पडलेल्या वॉलेस यांना माल्थसचा ग्रंथ आठवला. रोगराई, दुष्काळ आणि शत्रू यांमुळे दरवर्षी असंख्य प्राणी मरतात. मग जगतात ते कोण? त्या परिस्थितीला अधिक योग्य असतील ते. ताप उतरताच दोन-तीन संध्याकाळी बसून त्यांनी निबंध पुरा केला. एखाद्या प्रजातीत थोडासा निराळा प्रकार उपजला आणि त्याच वेळी त्या प्रदेशात अवर्षण पडले, टोळधाड आली किंवा नवा हिंस्र पशू शिरला, तर मूळ रूप नष्ट होऊन निराळा प्रकार टिकतो. हेच वारंवार घडत गेले की प्रकार मुळापासून दूर दूर जातो, अशी ती मांडणी होती. वाफेच्या यंत्राचा वेग जसा एक नियामक आपोआप सांभाळतो, तसेच हे निसर्गाचे नियमन असल्याचेही त्यांनी लिहिले. टर्नाटे बेटावरून त्यांनी तो निबंध डार्विनकडे धाडला आणि योग्य वाटल्यास लायेल यांना दाखवावा, अशी विनंती केली.

जून १८५८ मध्ये तो निबंध हाती पडताच डार्विन हादरून गेले. वीस वर्षे ज्या सिद्धांतावर ते काम करीत होते, तोच जगाच्या दुसऱ्या टोकाहून टपालाने त्यांच्यापुढे आला होता. त्याच दिवसांत त्यांचे तान्हे मूल तापाने मृत्युपंथाला लागले होते. लायेल आणि वनस्पतितज्ज्ञ जोसेफ हूकर यांनी तोडगा काढला. डार्विनची जुनी टिपणे आणि वॉलेस यांचा निबंध १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचण्यात आले. त्या सभेला दोघांपैकी कोणीच नव्हते. डार्विन पुत्रशोकात होते. वॉलेस न्यू गिनीच्या बाजूला होते आणि आपला निबंध वाचला जात आहे याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. त्यांची संमती कोणी मागितली नव्हती.

हा व्यवहार न्याय्य होता काय, याची चर्चा दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. वॉलेस यांनी मात्र कधीही कटुता दाखविली नाही. डार्विन त्यांच्या कितीतरी आधी या निष्कर्षाला पोहोचले होते, हे त्यांनी मान्य केले. आपला मलाय द्वीपसमूहावरील ग्रंथ त्यांनी १८६९ मध्ये डार्विनलाच अर्पण केला आणि १८८९ मध्ये सिद्धांतावर लिहिलेल्या ग्रंथाला ‘डार्विनिझम’ असे नाव दिले. एप्रिल १८८२ मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबेत डार्विनची शवपेटिका वाहून नेणाऱ्या मान्यवरांत ते होते.

१८६२ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी आपल्या संग्रहातील फुलपाखरे मांडून बसून पाहिली. बाचान बेटावर पकडलेले सोनेरी-नारिंगी पंखांचे भले मोठे फुलपाखरू आणि अंबोनवरचा त्याचा हिरवा भाऊबंद एकाच घराण्यातले होते; बेट बदलले की रंग बदलत होता. सेलेबीस, म्हणजे आजच्या सुलावेसीमध्ये, तर निरनिराळ्या कुळांतील फुलपाखरांच्या पुढच्या पंखांना शेजारच्या बेटांवरील भावंडांपेक्षा अधिक बाक होता. एकाच स्थळी अनेक वंशांवर एकच छाप पडावी, याचा अर्थ तेथील परिस्थितीतच काहीतरी कारण असले पाहिजे. कदाचित झडप घालणाऱ्या शत्रूंना चकवण्यासाठी हा आकार उपयोगी पडत असावा, असा तर्क त्यांनी केला. १८६४ मध्ये वाचलेल्या या निबंधात त्यांनी साध्या व्यक्तिभेदापासून स्थानिक रूप, उपप्रजाती आणि पूर्ण प्रजाती अशा पायऱ्या लावून दाखविल्या. प्रजाती हा दगडी चिरा नसून चाललेल्या प्रवासातला एक टप्पा आहे, हे त्यातून दिसत होते.

मात्र एक अडचण उरत होती. स्थानिक परिस्थितीशी जुळवून घेतलेले दोन प्रकार पुन्हा शेजारी आले, तर संकर होऊन भेद पुसून का जात नाहीत? १८६८ मध्ये या मुद्द्यावर डार्विन आणि वॉलेस यांच्यात पत्रांतून लांबलचक वाद झाला. संकरातील वंध्यत्व ही नैसर्गिक निवडीची कामगिरी नव्हे, असे डार्विनचे मत. वॉलेस यांना ते पटले नाही. दोन्ही प्रकार आपापल्या अधिवासाला योग्य असतील आणि त्यांची संकरज संतती दोन्हीकडे कमी पडत असेल, तर परक्याशी जुगणे टाळणाऱ्यांचाच वंश वाढेल. अशा रीतीने निवड स्वतःच दोघांमध्ये भिंत उभारील, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘डार्विनिझम’मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडले. विसाव्या शतकात या प्रक्रियेला वॉलेस परिणाम असे नाव मिळाले.

या विचाराची कसोटी लागायला शंभर वर्षे जावी लागली. १८८९ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये, जेरी कॉइन आणि अॅलन ऑर या शास्त्रज्ञांनी फळमाश्यांच्या अनेक जोड्यांची तुलना केली. एकाच प्रदेशात राहणाऱ्या प्रजाती परस्परांशी मीलन टाळण्यात दूर राहणाऱ्या प्रजातींपेक्षा पुढे असल्याचे त्यांना आढळले. अमेरिकेतील सफरचंदावरच्या माशीचे उदाहरणही बोलके आहे. ही माशी मुळात हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांवर वाढे. युरोपीय वसाहतवाल्यांनी आणलेल्या सफरचंदावर ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकली. सफरचंद आधी पिकते, म्हणून त्यावरच्या माश्याही आधी बाहेर पडतात; आणि मीलन फळावरच होत असल्याने दोन्ही गटांची गाठ कमी पडते. मध्ये ना नदी, ना समुद्र. एकाच परिसरातील दोन झाडांच्या हंगामातला फरकच येथे कुंपणाचे काम करीत आहे. हे दोन गट अद्याप पूर्ण वेगळ्या प्रजाती झालेले नाहीत. वॉलेस यांनी सांगितलेल्या पायऱ्यांवर ते मध्येच कोठेतरी उभे आहेत.

एवढ्या मोठ्या कामानंतरही वॉलेस यांना स्थिर नोकरी कधी लाभली नाही. गुंतवणुकीत आणि घरबांधणीत पैसा बुडाला. १८६६ मध्ये त्यांचा विवाह अॅनी मिटन यांच्याशी झाला. तीन अपत्यांपैकी थोरला मुलगा १८७४ मध्ये बालवयातच गेला. परीक्षांचे पेपर तपासून आणि लेख लिहून ते संसार चालवीत. अखेर डार्विन यांनी खटपट केल्यामुळे १८८१ मध्ये सरकारने त्यांना सालीना २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केले.

त्यांच्या प्रतिमेला त्यांच्याच काही मतांनी धक्का दिला. प्रेतात्म्यांशी संवाद साधण्याच्या प्रयोगांवर त्यांचा विश्वास बसला. मानवी बुद्धी केवळ नैसर्गिक निवडीने घडली नसावी, असे त्यांनी लिहिले, तेव्हा डार्विन खिन्न झाले. देवीच्या लसीला त्यांनी केलेला विरोध तर सरळसरळ चुकीचा होता. परंतु जमिनीवर मूठभरांची मालकी असू नये, असा आग्रह धरताना त्यांच्यातील जुना मोजणीदार बोलत होता. कुळांच्या हालअपेष्टा त्याने वेल्समध्ये साखळी ओढताना पाहिल्या होत्या.

१८७६ मध्ये त्यांनी प्राण्यांच्या भौगोलिक विभागणीवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध करून पृथ्वीचे सहा प्राणिप्रदेश आखले. भारताचा बहुतेक भाग त्यांनी पौर्वात्य प्रदेशात घातला आणि त्यातही दक्षिण भारत व श्रीलंका यांचा वेगळा उपविभाग केला. २०१३ मध्ये जनुकीय माहितीच्या आधारे हा नकाशा नव्याने काढण्यात आला, तेव्हा प्रदेशांची संख्या अकरा झाली. नव्या नकाशाच्या शीर्षकात नाव मात्र वॉलेस यांचेच राहिले.

मानसन्मान उशिरा आले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व १८९३ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी मिळाले आणि ऑर्डर ऑफ मेरिट हा किताब १९०८ मध्ये. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी डॉर्सेटमधील ब्रॉडस्टोन येथे नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेथील लहानशा स्मशानभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. बरोबर शंभर वर्षांनी, ७ नोव्हेंबर २०१३ रोजी, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

त्याच संग्रहालयात वॉलेस यांनी टाचणीला टोचून ठेवलेले कीटक आजही जतन केलेले आहेत. अनेक टाचण्यांना चिकटविलेल्या इवल्याशा चिठ्ठीवर त्यांच्या हस्ताक्षरात बेटाच्या नावाचा संक्षेप आहे. अॅमेझॉनच्या संग्राहकांनी जे लिहिले नाही म्हणून ते हळहळले होते, ते त्यांनी पूर्वेकडे लिहून ठेवले. जंगले झपाट्याने नष्ट होत असताना कोणता जीव कोठे नांदत होता, हे सांगणाऱ्या त्या चिठ्ठ्या अभ्यासकांना अजूनही उपयोगी पडतात.